इतिहास, हेरगिरी, पत्रकारिता, गुहाचित्रं: पुस्तक वाचताना "हे लेखकाला कळलं कसं?"

शिवडीकर

मंडळी, सध्या कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून मी ललितेतर वाचतोय. इतिहास आहे, राजकारण आहे, हेरांच्या आठवणी आहेत, पत्रकारांची पुस्तकं आहेत आणि आता आदिमानवाच्या चित्रांवरचीही काही आली आहेत. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण प्रत्येक पुस्तकात वीस-पंचवीस पानं झाली की मी एकच प्रश्न विचारू लागतो: हे लेखकाला कळलं कसं? स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, कागदात सापडलं, की अंदाज बांधला? चारही चालतं. पण कुठलं काय आहे हे लेखकाने वाचकाला सांगायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

एक उदाहरण देतो, आपल्या मुंबईशी नातं असलेलं. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. आत इंडोनेशियातल्या बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळातले लोक आणि काही पत्रकार होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लायही याच विमानाने जाणार असा समज होता, पण ते त्यात नव्हते. समुद्रावर असताना उजव्या पंखातल्या चाकाच्या खोबणीत बॉम्ब फुटला. कॅप्टन जटार यांनी पेटतं विमान पाण्यावर उतरवण्याची शर्थ केली. १९ जणांपैकी १६ गेले, तिघे वाचले. जटारांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

वाचलेल्या तिघांत विमानाचे देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. त्यांनी पुढे 'काश्मीर प्रिन्सेस' याच नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. कर्णिकांचं पुस्तक वाचताना तुम्ही विमानाच्या आत असता, आणि त्यांनी जे पाहिलं त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण बॉम्ब कुणी ठेवला हे आत बसलेल्या माणसाला दिसणं शक्यच नव्हतं. तो भाग दुसरीकडे आहे. भारतातर्फे तपासाला गेले होते रामेश्वरनाथ काव, जे पुढे १९६८ मध्ये 'रॉ' या भारतीय हेरसंस्थेचे पहिले प्रमुख झाले. नितीन गोखले यांनी लिहिलेल्या काव यांच्या चरित्रात हा तपास येतो. हाँगकाँगच्या विमानतळावरचा एक सफाई कामगार संशयित ठरला आणि तो तैवानला निसटला, इथपर्यंत धागा जातो. तिसरा टप्पा १९९४चा. स्टीव्ह त्सांग या अभ्यासकाने ब्रिटिश कागदपत्रं तपासून निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की कटाची कुणकुण चाऊ एन-लाय यांना आधीच लागली होती.

घटना एकच, पण साक्षीदार, तपास अधिकारी आणि कागद चाळणारा अभ्यासक यांना तिचे तीन वेगळे भाग दिसले. कर्णिकांचं मला सगळ्यात मोठेपण वाटतं ते यात, की त्यांनी पाहिलं ते लिहिलं. तेवढंच वाचून कुणी "आता सगळं कळलं" म्हटलं तर तो वाचक फसेल.

तुम्ही अशी कुठली पुस्तकं वाचली आहेत, जी स्वतःचा पुरावा उघडा करून दाखवतात? किंवा दाखवत नाहीत म्हणून तुम्हाला खटकली?


गिरगावची मंजिरी

धागा फार आवडला. गुहाचित्रांबद्दल तुम्ही नुसता उल्लेख करून सोडून दिलंत, म्हणून मी ते टोक धरते. हा प्रश्न सगळ्यात धारदार तिथेच होतो, कारण चित्र काढणाऱ्याने एक अक्षरही मागे ठेवलेलं नाही.

स्पेनमधल्या आल्तामिराची हकीकत बघा. १८७९ साली मार्सेलिनो द साउतुओला हा जमीनदार गुहेत जमीन उकरत होता आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, मारियाने, वर छताकडे पाहिलं. तिथे गवे होते. साउतुओलाने पुढच्या वर्षी पुस्तिका काढून सांगितलं की ही चित्रं अतिप्राचीन आहेत. फ्रान्समधल्या विद्वानांनी ते उडवून लावलं, बनावटपणाचाही आरोप झाला. साउतुओला १८८८ मध्ये वारला. पुढे फ्रान्समध्येच एकामागून एक चित्रगुहा सापडल्या आणि १९०२ साली एमिल कार्तेयाक या मुख्य विरोधकाने जाहीर लेख लिहून माफी मागितली. साउतुओलाला ती ऐकता आली नाही. मला या हकीकतीचा अजूनही राग येतो. विद्वानांकडे पुरावा नव्हता असं नाही, चित्रं समोर होती. आदिमानव इतकं सुंदर काढूच शकणार नाही हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि आपल्याकडे? आल्तामिराच्या बारा वर्षं आधी, १८६७-६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल या इंग्रज संशोधकाला मिर्झापूरच्या बाजूला विंध्याच्या कातळात चित्रं दिसली होती. ती जुनी आहेत हेही त्याने ओळखलं होतं. पण त्याने ते नीट प्रसिद्ध केलं नाही. टिपणं एका मित्राकडे राहिली आणि छापून यायला विसावं शतक उजाडलं. लिहून ठेवलं नाही तर शोध लागूनही न लागल्यासारखा होतो.

भोपाळजवळचं भीमबेटका तर आपल्याच माणसाने जगापुढे आणलं. विष्णू श्रीधर वाकणकर नीमचचे, आयुष्य उज्जैनला गेलं. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना त्यांना ते खडक दिसले आणि ते तिकडे चालत गेले. २००३ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते ठिकाण आलं. यशोधर मठपाल यांचं भीमबेटक्यावरचं पुस्तक कुठे मिळालं तर जरूर बघा. त्यांनी गुहेत बसून चित्रांच्या जलरंगात प्रती केल्या आणि कुठलं चित्र कुठल्यावर काढलं आहे हे थरांनी दाखवलं. तिथे "हे कसं कळलं" याचं उत्तर पानावर डोळ्यांना दिसतं.


माटुंगा रोड

+१. वाचनखूण साठवली. मराठीतली पुस्तकंही सुचवा प्लीज, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो.


रात्रपाळी

@शिवडीकर, मी थोडा विरोध करणार आहे.

तुमची कसोटी हेरगिरीच्या पुस्तकांना लावली तर हातात काही उरणार नाही. हेराच्या धंद्यात कागद न ठेवणं हेच कौशल्य. बी. रामन यांचं 'काओबॉइज ऑफ आर अँड ए डब्ल्यू' घ्या. त्यांनी त्या संस्थेत, म्हणजे 'रॉ'मध्ये, आयुष्य काढलं. त्यांच्या प्रत्येक वाक्यापुढे पुरावा मागितला तर ते पुस्तक लिहिलंच गेलं नसतं, आणि १९७१ च्या आधी-नंतर त्या कचेरीत काय वातावरण होतं हे तुम्हाआम्हाला कधीच कळलं नसतं. आठवणीतून आलेलंही ज्ञानच असतं.

आणि दुसरं. वाचनाची गोडी लागते ती गोष्टीमुळे. मी शाळेत असताना वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हातात घेतलं आणि रात्र सरली. इतिहास वाचावासा वाटला तो तिथून. अरुण साधूंच्या 'आणि ड्रॅगन जागा झाला'ने चीन घरात आणला. तेव्हा मी कुणाला विचारलं नव्हतं की हे तुम्हाला कसं कळलं. (@माटुंगा रोड, ही दोन्ही मराठीच आहेत, यांनीच सुरुवात करा.)


शिवडीकर

@रात्रपाळी, कानिटकर आणि साधू यांच्याबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकंच प्रेम आहे. पण मी पुरावा "नसेल तर पुस्तक बंद करा" म्हणत नाही. लेखक कुठे उभा आहे ते त्याने सांगावं इतकंच.

रामन यांचं पुस्तक याच कारणाने मला चांगलं वाटतं. ते आठवणी म्हणूनच समोर ठेवतात, शीर्षकातच 'डाऊन मेमरी लेन' आहे. आता याच्या उलट टोक बघा. किम फिल्बी, जन्म आपल्या अंबाल्याचा, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात वरपर्यंत पोचला आणि आत बसून सोव्हिएतांसाठी काम करत राहिला. मॉस्कोला पळाल्यावर १९६८ मध्ये त्याने 'माय सायलेंट वॉर' लिहिलं. भाषा देखणी आहे, माणूस तल्लख आहे. पण ते पुस्तक त्याने मॉस्कोत बसून, तिथल्या यंत्रणेच्या छायेत लिहिलं, आणि आयुष्यभर फसवणं हाच त्याचा पेशा होता. तो खोटं बोलतो असं एकेका वाक्यावर बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण काय गाळलं असेल याचा विचार डोक्यात ठेवूनच ते वाचायला हवं. त्यानंतर बेन मॅकिन्टायरचं 'अ स्पाय अमंग फ्रेंड्स' वाचा. तिथे फिल्बीच्या शेजारी त्याचा जिवलग मित्र निकोलस एलियट उभा केला आहे, आणि फसवला गेलेला माणूस काय सांगतो हे वाचल्यावर फिल्बीच्या देखण्या वाक्यांचा रंग बदलतो.

हेरगिरीचं एकच पुस्तक वाचू नये. निदान दोन वाचावीत, आणि शक्यतो एकमेकांच्या विरुद्ध बाजूंची.


परळचा काका

मी गिरणगावात वाढलो, वय आता सत्तरीच्या पुढे. माझा मुद्दा वेगळा आहे.

तुम्ही सगळे कागद आणि पुस्तकं म्हणताय. आमच्या भागातला १९४६ चा नाविकांचा उठाव बघा. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध संप पुकारला. दोन-चार दिवसांत तो जहाजाजहाजांवर पसरला. मुंबईकरांनी गेटवेला जेवणाची पाकिटं नेऊन दिली. कामगार रस्त्यावर उतरले, लष्कराने गोळ्या घातल्या. सरकारी आकड्यानेच दोनशेहून जास्त माणसं मेली. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. हे सगळं आम्ही चाळीत लहानपणी ऐकलं. माझी आई सांगायची, मावशी सांगायची. खिडकी लावून घ्या म्हणून कोण ओरडलं, कुणाच्या दारात रक्त होतं.

पुढे बी. सी. दत्त यांचं 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' वाचलं. 'तलवार'वर भिंतींवर घोषणा लिहिणारा हाच माणूस. अलीकडे प्रमोद कपूर यांचं १९४६ वरचं मोठं पुस्तक आलं, त्यात भरपूर कागदपत्रं आहेत. दोन्ही उत्तम. पण नाविक, काँग्रेस, लीग, व्हाइसरॉय, वल्लभभाईंची मध्यस्थी यांना जेवढी पानं मिळतात तेवढी आमच्या चाळींना मिळत नाहीत. मेलेल्यांची संख्या मिळते, नावं फार थोडी. याचं कारण सरळ आहे. नाविकांच्या चौकशीचे कागद झाले, चाळीतल्या बायकांना कुणी विचारलंच नाही. कागद नाही म्हणजे पुरावा नाही, असं ठरवलं तर गरिबाचा इतिहास कायमचा पुसला जाईल. आई गेली, मावशी गेली. त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही.


शिवडीकर

काका, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि ते माझ्या मूळ प्रश्नाला पुढे नेतं. "मावशीने सांगितलं" हाही पुरावाच आहे, लेखकाने तो मावशीच्या तोंडून आलेला म्हणून मांडला तर. तुम्हाला जे आठवतं ते कृपा करून लिहा. कुणाच्या दारात, कुठल्या चाळीत, कोण सांगत होतं, सगळं. या धाग्यावर लिहा, नाहीतर वेगळा काढा.


उपसंपादक

काकांशी सहमत. वर्तमानपत्रात काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

पत्रकारितेवरची पुस्तकं बहुतेक संपादकांच्या आठवणी असतात आणि त्यात संपादक फार मोठे दिसतात. त्याऐवजी जुने अंकच वाचावेत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुनी नियतकालिकं आहेत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. आपल्या शहरात हे असताना फारच थोडे वाचक तिकडे फिरकतात.

संयुक्त महाराष्ट्राचंच घ्या. १९५६ च्या नोव्हेंबरात अत्र्यांनी दैनिक 'मराठा' काढला, आणि त्या पत्राने चळवळीला आवाज दिला. लालजी पेंडसे यांचं 'महाराष्ट्राचे महामंथन' हे त्या लढ्याचं आतून लिहिलेलं पुस्तक, चळवळीतल्या माणसाचं. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराच्या वेळी मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते, त्यांची बाजू त्यांच्या आत्मचरित्रात आहे. तो गोळीबार ज्यांच्या घरापर्यंत पोचला त्यांना मोरारजींची पानं वाचवत नाहीत, मलाही वाचवली नाहीत. पण गोळीबाराचा हुकूम देणारं सरकार स्वतःला काय सांगत होतं, हे कळायला दुसरा मार्ग नाही. शिवडीकरांचा "दोन बाजूंची दोन पुस्तकं" हा नियम इथेही लागतो.

मराठीत पुरावा कसा मांडावा याचा नमुना म्हणून मी गोविंद तळवलकरांचं 'सत्तांतर १९४७' सांगेन. ब्रिटिश सरकारने सत्तांतराची कागदपत्रं बारा खंडांत प्रसिद्ध केली. तळवलकरांनी ती वाचून मराठी वाचकापुढे वेव्हेल, माउंटबॅटन, जीना, नेहरू यांना त्यांच्याच पत्रांतून आणि बैठकांतून उभं केलं. रोज वर्तमानपत्र चालवणाऱ्या संपादकाने ते केलं आहे. @माटुंगा रोड, हे यादीत घाला. आणि माधव गोडबोले यांचं 'अपुरा डाव'. बाबरी पडली तेव्हा ते केंद्रात गृहसचिव होते. मंत्रालयाने आधी काय तयारी केली होती आणि ती का वापरली गेली नाही, हे त्या खुर्चीतला माणूस सांगतो. अर्थात त्या खुर्चीतून दिसलं तेवढंच.


सड्यावरचा

मूळ गाव राजापूर तालुक्यात, सध्या मुक्काम लालबाग. मंजिरीताईंनी स्पेन आणि भोपाळ सांगितलं, मी आमच्या सड्यावर आणतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, कोरलेली चित्रं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं उन्हातान्हात सडे पायाखाली घालून, गुराख्यांना विचारून ती शोधली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी कोरले आहेत. कशेळीसह उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी ही ठिकाणं आणि गोव्यातलं फणसामळ मिळून २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं.

आता शिवडीकरांचा प्रश्न. वय किती? जांभ्यावर कोरलेल्या रेषेत कोळसा नाही, रंग नाही, मोजायला काही नाही. म्हणून प्राण्यांवरून, आसपास सापडणाऱ्या दगडी हत्यारांवरून अंदाज बांधतात. दहा-बारा हजार वर्षं म्हणतात, त्याहून जुनीही म्हणतात. गावात विचाराल तर पांडवांनी एका रात्रीत केली असं सांगतील. मला दोन्हींबद्दल आदर आहे, पण जो लेखक "ही इतक्या वर्षांपूर्वीची" असं छातीठोक लिहितो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

अर्थाचंही तेच. बारसूला एक मनुष्याकृती आणि तिच्या दोन बाजूंना दोन वाघ आहेत. कुणी त्यात परदेशातल्या जुन्या मुद्रांशी नातं बघतं. लिहिणारा "मला असं वाटतं" म्हणाला तर मी ऐकेन.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, पत्रकारितेचा विषय निघाला आहे म्हणून. याच बारसूच्या परिसरात रिफायनरीचा वाद पेटला होता. शशिकांत वारिशे हे राजापूरचे पत्रकार त्यावर लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी राजापुरात त्यांच्यावर गाडी घातली गेली, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मुंबईच्या माणसाला सडा म्हणजे ओसाड माळ वाटतो. तिथे चित्रं आहेत हे शोधणाराही माणूस लागतो आणि तिथे काय चाललं आहे हे लिहिणाराही. त्या कामाची किंमत त्यांनी जिवाने मोजली.


गिरगावची मंजिरी

@सड्यावरचा, वारिशे यांच्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

अर्थाबद्दल तुमचा मुद्दा युरोपातही खरा ठरला आहे. बरीच वर्षं विद्वान म्हणत होते की ही चित्रं शिकार मिळावी म्हणून केलेली जादू. फ्रान्समधल्या लास्को गुहेत चित्रं काढणाऱ्यांनी खाल्लेल्या प्राण्यांची हाडं तपासली तर ती जवळजवळ सगळी रेनडियरची निघाली. भिंतींवर मात्र घोडे, गवे, बैल, आणि रेनडियर जेमतेम एक. ज्याची शिकार रोजची, तोच भिंतीवर नाही.

नंतर डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी 'द माइंड इन द केव्ह'मध्ये मांडलं की तंद्रीत गेलेल्या भगतांना दिसलेली ही दृश्यं असावीत. पुस्तक जबरदस्त आहे, पण त्याचा पाया दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांच्या चित्रांचा. तिथे एकोणिसाव्या शतकात सान माणसांशी बोलून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं गेलं होतं, म्हणून तिथला अर्थ ऐकलेला आहे. फ्रान्सच्या गुहांना तोच अर्थ लावताना मधली हजारो वर्षं ओलांडायची उडी लेखकाची स्वतःची आहे. काकांच्या मावशीचं बोलणं लिहून घ्यायला हवं होतं ते याचसाठी.


रात्रपाळी

मंजिरीताई, हे शेवटचं वाक्य पटलं. पण माझा मुद्दा सोडत नाही. ती उडी मारणारे नसते तर कुणी हाडं मोजायलाही गेलं नसतं. शिकारीच्या जादूचा सिद्धांत चुकीचा ठरला, पण तो कुणीतरी धीटपणे मांडला म्हणूनच तपासता आला. घाबरून घाबरून लिहिलेली पुस्तकं मला नकोत.


शिवडीकर

@रात्रपाळी, यात आपलं भांडण नाहीच. उडी मारा, पण जमीन कुठे संपली ते दाखवून मारा.

एक भर टाकतो, कारण आदिमानव म्हटलं की आपण लगेच फ्रान्स नाहीतर मध्य प्रदेश गाठतो. १९३९ साली के. आर. यू. टॉड या नौदलातल्या अधिकाऱ्याने मुंबईच्या पाषाणयुगीन हत्यारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ठिकाण कुठलं, तर कांदिवली. पुढे १९५० मध्ये त्याने मुंबई परिसरातल्या बारीक गारगोटीच्या हत्यारांवरही लिहिलं. आज त्या जागांवर इमारती उभ्या आहेत, पुन्हा जाऊन खणता येणार नाही. कुठल्या थरात काय सापडलं हे टॉडने नोंदवून ठेवलं, म्हणून कांदिवलीत माणूस किती जुना आहे यावर आज निदान वाद तरी घालता येतो.


माटुंगा रोड

सगळ्यांचे आभार. कानिटकर, साधू, तळवलकर, पेंडसे, गोडबोले एवढे लिहून घेतले. 'काश्मीर प्रिन्सेस' मराठीत आहे का? आणि नसेल तर इंग्रजी प्रत कुठे बघता येईल?


शिवडीकर

मी इंग्रजीच वाचलं. जुनं पुस्तक आहे, नव्या दुकानात शोधण्यापेक्षा फोर्टातल्या आणि किंग्ज सर्कलच्या पदपथावरच्या विक्रेत्यांना सांगून ठेवा, ते आठवण ठेवतात. एशियाटिकच्या ग्रंथालयातही चौकशी करा. तुमचं माटुंगा रोडवरून किंग्ज सर्कल पायी जाण्याच्या अंतरावर आहे, शनिवारी संध्याकाळी जा.


परळचा काका

शिवडीकर, तुमच्या सांगण्यावरून लिहायला बसलो आहे. २२ फेब्रुवारी १९४६, आमची चाळ, तळमजला. आईने सांगितलेलं आणि मावशीने सांगितलेलं वेगवेगळं लिहितो, कारण दोघींचं काही ठिकाणी जुळत नाही. वेगळा धागा काढतो, इथे दुवा देईन.